लॅमिंग्टन रोड: माल चोख, बिलाला कुरकुर

पीएचडीचं तिसरं वर्ष, विषय कमी विजेवर चालणारे सेन्सर. सर्किट बोर्ड शुक्रवारपर्यंत हवा होता, म्हणून कांजूरमार्गहून निघाले, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठला. दुकान म्हणजे पाच फुटांची फट, पण भिंतभर डबे. काउंटरवरच्या काकांनी यादी बघून विचारलं, "भावाचं प्रोजेक्ट का?"

"माझंच आहे, काका. ०६०३चे रेझिस्टर द्या, एक टक्कावाले."

०६०३ हा आकाराचा कोड, म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर लांब; एक टक्का म्हणजे ठरलेल्या मूल्यापासून जास्तीत जास्त तेवढाच फरक. शिंक आली की गेले. त्यांनी पन्नास मोजून दिले, वर स्वतःहून सांगितलं, "हा व्होल्टेज रेग्युलेटर नका घेऊ, या लॉटमध्ये डुप्लिकेट येतायत." खपवता आला असता की! ऑनलाइन हे कोण सांगतं?

जीएसटीचं बिल मागितलं तर मात्र तोंड वाकडं. त्याशिवाय आमच्या ऑफिसातून पैसे सुटत नाहीत हो.

त्याच बोर्डाच्या मोजमापांवर मी 'रायझिंग स्टार्स'चा अर्ज भरला. इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरमधल्या नवोदित संशोधक स्त्रियांसाठी एमआयटीने २०१२ साली सुरू केलेली ही कार्यशाळा. निकाल यायचाय. परवा पुन्हा गेले, तर काकाच म्हणाले, "या मॅडम, आज किती टक्क्यांचे?"

रविवारी बंद. सुटे पैसे न्या.