यशिका घेताय? आधी खालची काच बघा

मीडियम फॉरमॅटमध्ये, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत, स्वस्तात शिरायचं तर बहुतेकांची गाडी यशिका मॅट-१२४जी या जुन्या कॅमेऱ्यापाशी येऊन थांबते. हॅसलब्लाड खिशाला झेपत नाही, आणि जुन्या स्टुडिओवाल्यांच्या माळ्यावरून यशिका अजून निघतात. मला दिसलेली जाहिरातही तशीच: ‘काकांच्या स्टुडिओतला, लेदर केससकट, फिल्म टेस्टेड, १८,००० फिक्स.’

माणूस बोलायला गोड. मागितल्याबरोबर व्हिडिओ पाठवला. वरचं झाकण उघडलं, काचेवर अंगणातली तुळस लख्ख. भिंगावर टॉर्च मारला, स्वच्छ. शटर वाजलं, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटाही हलला. मी पैसे पाठवले.

मेख अशी, की या कॅमेऱ्याला भिंगं दोन. वरचं नुसतं आपल्याला बघायला. फिल्मवर चित्र पडतं ते खालच्यातून. पठ्ठ्याने टॉर्च मारला होता वरच्यावर! खालच्याच्या आत शटर मिटलेलं असतं, त्यामुळे समोरून ते काळंभोर, चकाचक दिसतं. पार्सल आल्यावर मागचं दार उघडलं, शटर ‘बी’वर (बटण दाबून ठेवू तोवर उघडं राहतं ती सेटिंग) उघडं धरलं आणि उजेडाकडे केलं, तर कडेपासून मधोमध बुरशीचं जाळं. ज्या लेदर केसचं एवढं कौतुक, तिच्यातच ही पोसली जाते. पावसाळ्यात चामडं ओल धरून बसतं. कारागिराने जाळं पुसून दिलं, पण बुरशीने खाल्लेलं भिंगावरचं कोटिंग परत येत नाही. पहिल्या रोलच्या बाराही फ्रेम दुधात बुडवल्यासारख्या निघाल्या. नमुना म्हणून त्याने पाठवलेल्या चौकोनी फोटोंत मात्र समोरून ऊन येत असतानाही काळा रंग कडक होता. ते या भिंगातून निघणं शक्यच नाही. निगेटिव्ह मागितल्या तर म्हणे, लॅबमध्येच राहिल्या.

बाकीचंही तसंच. व्हिडिओत शटर वाजवलं ते १/१२५ सेकंदावर. एक सेकंदावर ठेवलं की शटर किर्र करत मध्येच अडकतं. मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलेला, ते सेल कधीच बंद झाले. याने आत १.५ व्होल्टचा घातलेला. काटा हलतो, रीडिंग चुकतं.

फोन केला तर, ‘जुना माल आहे साहेब, पाठवला तेव्हा ओके होता.’ नंतर नंबर ब्लॉक.

तुम्ही घेणार असाल तर व्हिडिओ मागा तो खालच्या भिंगाचा, शटर ‘बी’वर, दार उघडं, मागून टॉर्च. एक सेकंद आणि अर्धा सेकंद वाजवून दाखवायला सांगा. फोटो नकोत, निगेटिव्हची अख्खी पट्टी उजेडावर धरलेली बघा. दोन फ्रेममधलं अंतर एकसारखं आहे का, तेही तिथेच कळतं. ‘जी’साठी जादा पैसे मोजायचीही गरज नाही, साध्या मॅट-१२४लाही तेच ८० मिमीचं यशिनॉन भिंग आहे. आणि परत घ्यायची लेखी हमी देणारा दुकानदार दोन-तीन हजार जास्त सांगत असेल, तर मी आता त्याच्याकडूनच घेईन.