इनव्हॉइस ‘अनपेड’, तरी मेल म्हणे पैसे आले: माझे ₹३०,१०० कसे गेले

₹३०,१००. आकडा आधीच सांगून टाकते, कारण ज्याला सांगावं तो पहिला प्रश्न हाच विचारतो. ऑनलाइन चित्र मागवणाऱ्या एका भामट्याने मला एवढ्याला फसवलं: पहिल्यांदा ₹१७,२००, मग ₹१२,९००. वर दोन पूर्ण रंगवलेली चित्रं आणि तीन स्केचेस. त्यांचा हिशोब तक्रारीच्या कुठल्याच फॉर्ममध्ये मांडता येत नाही, तसा रकानाच नाही.

“अनाडी असेल पोरगी” असं ज्यांना वाटून राहिलं असेल त्यांनी ऐका. इन्स्टावरचे ते ‘तुझा फोटो म्यूरलसाठी हवाय, चेक पाठवतो’वाले ठग मला तोंडपाठ आहेत. ‘तुझं चित्र एनएफटी (डिजिटल मालकीचं टोकन) म्हणून घेतो, फक्त या साइटवर मिंट कर, म्हणजे नोंदव, आणि त्याची गॅस फी भर’वालेही. चित्रकला महाविद्यालयातल्या ज्युनिअर पोरींना मीच सांगायचे, असल्यांना उत्तरसुद्धा देऊ नका. म्हणून राग दुप्पट येतो.

ऑनलाइन कामं का शोधते, तर नागपुरात चित्रांची कामं भरपूर आहेत आणि पैसे नाहीत. शाळेच्या भिंती, लग्नाची कॅरिकेचर, गणपतीत मंडळांचे पडदे. एका कॅफेची अख्खी भिंत रंगवली, मालक अजून “पुढच्या महिन्यात बघू ताई” म्हणतो. उलट डंजन्स अँड ड्रॅगन्स हा काल्पनिक पात्रं रंगवण्याचा खेळ खेळणारी परदेशातली मंडळी आपापल्या पात्राचं चित्र काढून घ्यायला राजीखुशीने डॉलर मोजतात, तेही निम्मे आगाऊ. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरचे सर्व्हर, म्हणजे गप्पांचे गट, आणि रेडिटवरचे चित्रकारांचे कट्टे यांवर माझं घर चालतं. चांगली माणसं तिथेच भेटली, हेही खरं आहे.

हा भामटाही तिथेच भेटला. पाच पात्रांचं एकत्र चित्र आणि शिवाय प्रत्येकाचं वेगळं, एकूण ६०० डॉलर, ३०० आधी. एका शब्दाने घासाघीस नाही. खरा खेळाडू कसा असतो, तुम्हाला माहीत आहे. तो पात्राच्या आजोबांपासून सुरुवात करतो. तलवारीची मूठ डावीकडे झुकलेली हवी, कानाचं टोक जरा कमी, जखमेचा व्रण भुवईच्या वर की खाली यावर तीन-तीन मेसेज. आपण वैतागतो, पण तो वैताग म्हणजेच खऱ्या कामाची खूण आहे. याने मात्र पिंटरेस्टवरची चित्रं चिकटवली आणि म्हणाला, तुला आवडेल तसं कर. पात्राचं नावसुद्धा मीच विचारून घेतलं. मला वाटलं, सुटले बाप्पा, शहाणं गिऱ्हाईक मिळालं! ज्याला चित्राबद्दल काहीच म्हणायचं नाही त्याला चित्र नको असतं. हे आता सांगता येतं.

मी नेहमीसारखा पेपालचा (परदेशातून पैसे घ्यायची ऑनलाइन सेवा) इनव्हॉइस, म्हणजे बिल, पाठवला. तो म्हणाला, आमचे पैसे अकाउंट्सवाले थेट ईमेलवर पाठवतात, तुझा पेपालला जोडलेला ईमेल दे. दिला. त्यात गैर काय? ईमेल तर सगळीकडेच देतो आपण. तासाभरात मेल आला. लोगो तोच, निळा रंग तोच, खाली बारीक अक्षरातला कायद्याचा मजकूरही तोच. ३०० डॉलर आले आहेत, पण तुमच्या खात्याची मर्यादा कमी असल्याने पेंडिंग आहेत. मर्यादा वाढावी म्हणून ग्राहकाने २०० डॉलर जादा पाठवले आहेत. ते तुम्ही त्याला परत केलेत की पूर्ण ५०० जमा होतील.

आता ती जागा, जी रात्री झोपू देत नाही. मी पेपालचं ॲप उघडलं होतं. उघडलं होतं! तिथे माझा इनव्हॉइस ‘अनपेड’ दिसत होता आणि बाकी काहीच नव्हतं, ना ३००, ना ५००. मी त्याला विचारलंही. तो म्हणाला, पेंडिंग पैसे ॲपमध्ये दिसत नाहीत, मेलमध्येच दिसतात. आणि मी ते मानलं, कारण मेल समोर होता आणि मोबाइलवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, पत्ता दिसायला त्यावर बोट ठेवावं लागतं. नंतर ठेवलं, तर साधा फुकटचा मेल पत्ता, पुढे कसलेसे आकडे. मेलच्या सुरुवातीला माझं नावही नव्हतं, ‘डिअर कस्टमर’. पेपालचा खरा मेल तुमच्या नावाने सुरू होतो. पण संध्याकाळी सातला, घरी पाहुणे, आई हाका मारते आहे, आणि महिनाअखेरीला ३०० डॉलर समोर दिसताहेत, तेव्हा कोण बोट ठेवून पत्ते तपासतं?

पैसे परत करायचे कसे, तर म्हणे आमच्या स्टुडिओचा माणूस भारतातच आहे, त्याच्या यूपीआयवर रुपयात टाक, फी वाचेल. ₹१७,२०० गेले. दुसऱ्या दिवशी नवा मेल, रक्कम जुळत नाही, अजून १५० डॉलरचा फरक. आता मागे फिरले तर आधीचे ₹१७,२०० बुडतील या भीतीने ₹१२,९०० टाकले. त्यांचा सगळा धंदा या एका भीतीवर चालतो. तिसऱ्यांदा ‘टॅक्स क्लिअरन्स’चे ₹८,६०० मागितले तेव्हा माझ्या एका सीनिअर ताईला फोन केला. ती फोनवरच ओरडली.

पेपालबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एप्रिल २०२१पासून पेपालवर भारतातल्या भारतात व्यवहार होत नाहीत, फक्त परदेशाशी होतात, आणि आलेले पैसे तिथे साठत नाहीत, आपोआप बँकेत जातात. म्हणजे पेपालचं कारण सांगून कोणी भारतातल्या यूपीआयवर पैसे टाकायला लावत असेल तर तिथेच थांबा. पैसे मिळावेत म्हणून आधी पैसे भरायचे, अशी पद्धत कुठेच नसते.

मग सुरू झालं सरकारी प्रकरण. सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० लावला. लागेना. लागला तेव्हा समोरच्याने यूपीआयचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, मागितला, तो मी शोधेपर्यंत फोन कट. म्हणून आधी यूटीआर कागदावर लिहा आणि मग फोन करा. सरकारच्या cybercrime पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला. स्थिती तेव्हापासून ‘अंडर प्रोसेस’.

बँकेत गेले तर काउंटरवरचा साहेब म्हणाला, “पिन तुम्हीच टाकला न मॅडम?” हो. “मग झालं.” रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकाचा कागद घेऊन गेले होते. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर काही प्रकरणांत ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं त्यात आहे. पण आपण स्वतः पाठवलेला पैसा त्यात बसत नाही. म्हणजे चोराने माझा पिन चोरला असता तर मी पीडित ठरले असते. त्याने मला फसवून माझ्याच बोटाने टाकवला, तर मी मूर्ख.

आणि पोलीस ठाणं! “चित्रं काढून डॉलर येतात? खरंच?” एवढ्यावर दहा मिनिटं. मग, “हे छंद म्हणून करून राहिले का तुम्ही?” मग दुसरा हवालदार आला, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगा. मग कळलं की ज्या खात्यात पैसे गेले ते दुसऱ्या राज्यातलं आहे, “तिथे जाऊन तक्रार करा”. ₹३०,१००साठी मी रेल्वेने परराज्यात जाऊ? तुम्ही असं ऐकून परत येऊ नका. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये लिहिलं आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, पोलिसांना माहिती घ्यावी लागते. ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक) आणि आयटी कायद्याचं ६६डी (संगणक वापरून सोंग घेऊन फसवणं), ही दोन नावं घेतली की खुर्ची मिळते. मला बसायला सांगितलं ते तेव्हाच.

त्या खात्यात ₹४,३१० सापडून गोठवले गेले आहेत. माझेच. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाने फी सांगितली ₹५,०००.

डिस्कॉर्डवरच्या त्या सर्व्हरच्या मॉडरेटरने, म्हणजे तिथे देखरेख करणाऱ्याने, मात्र तत्परता दाखवली. त्या भामट्याला बॅन करून चॅनेलच उडवून टाकलं, आणि त्यासोबत माझे अर्धे पुरावे. कोणाचीही तक्रार करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, आणि डिस्कॉर्डच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू करून त्याचा आकडी युजर आयडी कॉपी करा. नाव रोज बदलता येतं, तो आकडा बदलत नाही. चित्र देताना वॉटरमार्क आणि कमी रिझोल्यूशन, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसेपर्यंत. चित्राचे हक्क कोणाकडे राहतील याचं दोन ओळींचं लेखीही करून घ्या: भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या पेंटिंगच्या कॉपीराइटचा पहिला मालक सांगणारा असतो, काढणारी नाही. मला तर पैसेही मिळाले नाहीत, त्यामुळे निदान हा वाद तरी नाही.

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे वाईट गोष्टींचे पुतळे, निघतात, त्यात यंदा याचा एक हवा. मी फुकट रंगवून देईन.

तो अजून फिरतो आहे. पुण्याच्या एका चित्रकार मुलीला परवा नव्या नावाने मेसेज आला, पाच पात्रं, ६०० डॉलर, आणि रेफरन्स म्हणून तिला पाठवलं ते माझंच चित्र: काळ्या शिंगांची जादूगारीण, डाव्या हातात कंदील, मागे पडका बुरूज. कोपऱ्यातला माझा वॉटरमार्क कापून टाकलेला आहे. हे चित्र कोणी पाठवलं तर त्याला काहीही न बोलता त्याचा युजर आयडी कॉपी करा, आणि मला कळवा.