मागच्या दाराची घंटा: आठ महिने वापरल्यावर

या घंटेला मार्चमध्ये मी चार तारे दिले होते. जुलैत तो अभिप्राय काढून एकच तारा ठेवला. आता ऑक्टोबरात पुन्हा लिहितोय, कारण घरातल्या विसरभोळ्या होत चाललेल्या माणसासाठी ही घेणारे बरेच असतील, आणि आमच्याकडे झालं ते त्यांच्याकडे होऊ नये.

आई ७९ वर्षांची. अल्झायमरचं निदान होऊन तीन वर्षं झाली. आम्ही गुहागरात जुन्या चिरेबंदी घरात राहतो. मागे आगर, आगरात विहीर. दिवेलागणीला आईची घालमेल सुरू होते. "मला घरी जायचंय रे," म्हणते. घर म्हणजे तिचं माहेर, हेदवी. "हेच तुझं घर" म्हटलं की चिडते. "जाऊ हां, आधी चहा घे," म्हटलं की बसते. पण पहाटे ती उठली तर आम्हाला कळायला हवं, म्हणून मागचं दार उघडलं की वाजणारी ही ११५० रुपयांची घंटा घेतली. चौकटीवर सेन्सर, दारावर चुंबक; दोन्ही दूर झाले की आतला डबा वाजतो. बाहेरून कडी घालणं मला पटत नाही. आत काही पेटलं तर ती बाहेर कशी येणार?

पहिला त्रास सुराचा. वाजणारा डबा माजघरात लावला होता. त्याचा सूर पाहुणे आल्यावर वाजतो तसाच. आई दार उघडायची, घंटा वाजायची, "कोण आलंय बघ" म्हणत ती पुन्हा दाराशी जायची. डबा आमच्या खोलीत नेला आणि प्रश्न मिटला. तेव्हाच चार तारे दिले.

मग पाऊस लागला. मागचं दार फणसाचं, पावसात फुगतं, पूर्ण लागत नाही. चौकटीवरचा सेन्सर आणि दारावरचं चुंबक यांच्यात मोजून दोन सेंटिमीटर फट राहू लागली. फट वाढली की यंत्राला दार उघडंच वाटतं. एकदा वाजून ते गप्प बसतं, आणि मग दार खरंच उघडलं तरी वाजत नाही. वाजत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं आम्ही समजत राहिलो. जुलैत एका पहाटे शेजारच्या काकूंनी हाक मारली. आई त्यांच्या ओटीवर भिजलेल्या साडीत बसली होती. वाटेत विहीर होती. त्यापुढे मला विचार करवत नाही.

कंपनीच्या ग्राहकसेवेशी तीन दिवस भांडलो. दारावर झड येते हे ऐकल्यावर त्यांनी वॉरंटीच नाकारली. खरं तर यंत्रात पाणी गेलंच नव्हतं, ते बिघडलंही नव्हतं. लाकडी दार पावसात फुगतं हे त्यांच्या माहितीपत्रकात एका ओळीने लिहिलेलं नाही, हा माझा राग मात्र अजून आहे.

उपाय गावातल्या सुताराने काढला. दार रंधायला तो तयार होईना, "उन्हाळ्यात फट पडेल" म्हणाला. त्याने चुंबक अडसराच्या टोकाला आणि सेन्सर चौकटीला बसवला. चिकटपट्टी दमट हवेत सुटते, म्हणून बारीक स्क्रू मारले. आता दार फुगलेलं असो वा नसो, अडसर खोबणीत गेला की दोन्ही भाग जवळ येतात. शिवाय अडसर सरकताच घंटा वाजते, दार उघडायच्या आधी. मूळ जागेपेक्षा ही जागा कितीतरी चांगली. मजुरी २०० रुपये.

वाजणारा डबा सॉकेटवर चालतो, आणि पावसात वीज तासन्‌तास जाते. म्हणून सेलवर चालणारा डबा वेगळा घेतला, ४५० रुपयांना. तो आधीच संचात द्यायला हवा होता. दिवा लावताना रोज एकदा अडसर सरकवून घंटा वाजते का ते बघतो. सेल दोन महिन्यांनी बदलतो, संपायची वाट बघत नाही.

विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करतो, ओट्याच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली उशाशी ठेवतो. न्हाणीघराचा दिवा रात्रभर चालू असतो. ऑगस्टमध्ये आई दोन दिवसांत एकदम जास्त भ्रमिष्ट झाली. आजार वाढला असं धरून आम्ही बसणार होतो, पण डॉक्टरांनी लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला, औषधाने ती बरीच सावरली. असा अचानक फरक दिसला तर घंटा-बिंटा बाजूला ठेवा, आधी डॉक्टरांकडे जा.

आता तीन तारे. दुसरा संच मागवलाय, पुढच्या दारासाठी. त्याला अडसर नाही, नुसती कडी आहे. तिथे चुंबक कसं बसवायचं ते बघायला सुतार रविवारी येणार आहे.