‘सब ग्रेनाइट है’: इंदूरच्या एका दगड-यार्डाचं परीक्षण

यार्डाच्या फाटकाशी छिन्नीच्या खुणा असलेली एक काळपट पायरी आहे. ती विकायला नाही. आत ‘अ‍ॅब्सोल्यूट ब्लॅक’च्या आरशासारख्या स्लॅब उभ्या आहेत आणि शेजारी सोनेरी ठिपक्यांची ‘ब्लॅक गॅलेक्सी’. पायरीकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आतल्या दोघींना मात्र चौरस फुटाचा भाव. रासायनिक घडण बघाल तर तिघी सख्ख्या बहिणी. सिलिका पन्नास टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे, लोह-मॅग्नेशियम भरपूर, गारगोटी (क्वार्ट्‌झ) जवळजवळ नाहीच. फरक आहे तो थंड व्हायला किती वेळ मिळाला याचा.

पायरीचा दगड आपल्या माळव्याचा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीवर पसरला आणि उघड्यावर भराभर गोठला. स्फटिकांना वाढायला सवडच मिळाली नाही, म्हणून त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ‘अ‍ॅब्सोल्यूट ब्लॅक’ हा डोलेराइट. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर येता येता जुन्या खडकांच्या भेगांत शिरला आणि तिथेच भिंतीसारखा उभा गोठला. त्याचे कण साधारण मिलिमीटरभराचे. ‘गॅलेक्सी’ येते आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमकुर्तीहून. ती गॅब्रोच्या कुळातली, खूप खोलवर सावकाश निवलेली, म्हणून तिच्यातला कण न् कण वेगळा दिसतो. सोनेरी ठिपके सोन्याचे नाहीत, अभ्रकाचेही नाहीत. ते ब्राँझाइटचे स्फटिक आहेत; ब्राँझाइट हा पायरॉक्सीन या लोह-मॅग्नेशियमच्या खनिजाचा एक प्रकार. स्लॅबसमोर उभं राहून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा: एक ठिपका विझतो, दुसरा पेटतो. स्फटिकाच्या आतल्या अगदी बारीक पापुद्र्यांवरून उजेड एका ठरावीक कोनातच परततो. चमक छापलेली किंवा भरलेली असती तर ठिपके सगळ्या बाजूंनी सारखेच दिसले असते.

हे परीक्षण स्वयंपाकघराचा ओटा, पायऱ्या आणि खिडकीच्या चौकटी यांसाठी दगड घेणाऱ्यांसाठी आहे. यार्ड इंदूरच्या कडेचं, मध्यम आकाराचं. नाव देत नाही, कारण पुढे ज्या खोडी लिहिल्या आहेत त्या या एकाच यार्डाच्या नाहीत.

आधी चांगलं ते. स्लॅब लोखंडी घोड्यांवर उभ्या ठेवलेल्या असतात, एकीवर एक आडव्या रचलेल्या नाहीत. आडव्या थप्पीत खालच्या स्लॅबला केसाएवढी चीर जाते आणि ती दिसते ओटा बसल्यावर. प्रत्येक स्लॅबच्या कडेला रंगाने ब्लॉकचा, म्हणजे खाणीतून काढलेल्या अख्ख्या ठोकळ्याचा, क्रमांक लिहिलेला असतो, आणि ही सोय वाटते त्याहून मोठी आहे. डोलेराइटच्या भिंतीचा कडेचा भाग भोवतालच्या थंड खडकाला टेकून लवकर गोठतो, म्हणून बारीक कणांचा होतो. मधला भाग जाड कणांचा. एकाच खाणीतले, एकाच नावाचे दोन ब्लॉक पॉलिशनंतर वेगवेगळे काळे दिसू शकतात, एक निळसर काळा तर दुसरा करडा काळा. तेव्हा ओटा आणि मागची पट्टी एकाच ब्लॉक क्रमांकाची घ्या. इथे तसं मागितलं की कुरकुर न करता काढून देतात. स्लॅबवर पाणी ओतू देतात, तुकडे घरी न्यायला देतात. हे दोन्ही मोलाचं.

आता खोड. कुठल्याही कडक, चकचकीत दगडावर बोट ठेवा, काउंटरवरून एकच उत्तर येतं: “भिया, सब ग्रेनाइट है.” व्यापाराच्या भाषेत ते खोटंही नाही. जो दगड कडक आहे, पॉलिश धरतो आणि लिंबाने फसफसत नाही, तो बाजारात ग्रॅनाइटच. भूविज्ञानात मात्र नाव दोन प्रश्नांवर ठरतं. कण केवढे? आणि खनिजं कोणती, किती? पहिल्या प्रश्नावरून दगड कुठे थंड झाला हे कळतं, दुसऱ्यावरून शिलारस कसला होता हे. सिलिका साधारण ६३ टक्क्यांच्या वर गेली की फिकट रंगाची कुळं: खोलवर ग्रॅनाइट, पृष्ठावर रायोलाइट. ५२ ते ६३ मध्ये खोलवर डायोराइट, वर अँडेसाइट. ४५ ते ५२ मध्ये गॅब्रो, डोलेराइट, बेसाल्ट. त्याहून खाली पेरिडोटाइटसारखे जड, हिरवट-काळे खडक. खरा ग्रॅनाइट म्हणायचा तर गारगोटी आणि फेल्डस्पार (ग्रॅनाइटमधलं दुसरं मुख्य खनिज) मिळून जो फिकट भाग होतो, त्यात गारगोटी २० ते ६० टक्के हवी. ‘अ‍ॅब्सोल्यूट ब्लॅक’ या कसोटीवर पहिल्याच फेरीत बाद होतो. त्यामुळे तो वाईट दगड ठरत नाही; उलट ओट्यासाठी तो खऱ्या ग्रॅनाइटपेक्षा सरस आहे असं आमचं मत.

खरा ग्रॅनाइट बघायचा तर डावीकडच्या रांगेतला ‘झांशी रेड’ बघा. बुंदेलखंडचा, सुमारे अडीचशे कोटी वर्षं वयाचा. दहापट भिंग घ्या, यार्डात मिळणार नाही, घरून न्या. लालसर फेल्डस्पारचे चपटे, सरळ कडांचे स्फटिक दिसतील, काळी खनिजं तुकड्या-तुकड्यांनी, आणि या सगळ्यांच्या फटींत काचेसारखी राखाडी गारगोटी. गारगोटीला स्वतःचा आकार नसतो, जिथे जागा उरली तिथे ती बसलेली असते. शिलारस निवताना ऑलिव्हिन, पायरॉक्सीन यांसारखी लोह-मॅग्नेशियमची खनिजं आधी जमतात, मग फेल्डस्पार, आणि गारगोटी अगदी शेवटी, उरल्यासुरल्या द्रवातून. पंगतीला उशिरा आलेल्याने मिळेल तिथे पाट टाकावा, तसं. तेलंगणातल्या करीमनगरकडचा ‘टॅन ब्राउन’ही ग्रॅनाइटच, त्यातले बोटाच्या पेराएवढे तपकिरी फेल्डस्पार आधी वाढायला लागलेले, भोवतालचा बारीक भाग मागाहून गोठलेला.

‘काश्मीर व्हाइट’बद्दल सावध राहा. तो काश्मीरचा नाही, तमिळनाडूचा आहे आणि अग्निजन्यही नाही. उष्णता-दाबाने बदललेला रूपांतरित खडक आहे. त्यातले गुलाबी-तांबडे ठिपके गार्नेट नावाच्या खनिजाचे. गार्नेटमधलं लोह पाण्याने गंजून पिवळट डाग पसरू शकतात, म्हणून सिंकभोवती तो नको. ‘ब्लू पर्ल’ नॉर्वेच्या लार्विकचा: अग्निजन्य, पण गारगोटी नाममात्र, निळी झाक फेल्डस्पारची. दिवाणखान्यातल्या टेबलाला छान, खिशाला नाही.

गंमत मार्बलच्या विभागात आहे. ‘केसरियाजी ग्रीन’ तिथे संगमरवराच्या रांगेत उभा आहे. राजस्थानातल्या ऋषभदेवचा हा दगड सर्पेंटिनाइट आहे, म्हणजे सिलिका अगदी कमी असलेला मूळचा अग्निजन्य खडक, पाण्याच्या क्रियेने आतून बदललेला. विक्रेत्याने न सांगितलेली गोष्ट अशी: हिरव्या दगडाची पातळ फरशी पाणी असलेल्या साध्या चिकटद्रव्यावर किंवा सिमेंटवर लावली की ओलीने पापडासारखी वळू शकते. तिला इपॉक्सीचं चिकटद्रव्यच हवं. हा प्रश्न काउंटरवर विचारला तर “कुछ नहीं होता” एवढंच मिळतं, आणि इथे आम्ही या यार्डाचे गुण कापतो.

दुसरे गुण कापायचे ते ‘स्वस्त काळ्या’साठी. मागच्या शेडमध्ये करड्या दगडाला तेल किंवा रंग चोपडून काळा केलेला माल अस्सल ‘ब्लॅक’ म्हणून उभा असतो. ओळखायला पांढरा सुती कपडा आणि थोडं अ‍ॅसिटोन पुरे. नेलपॉलिश काढायचं चालतं, फक्त बिनरंगाचं घ्या. चमकत्या बाजूवर जोर देऊन वीसेक वेळा घासा. कपडा काळा किंवा तेलकट तपकिरी झाला तर पुढे चला. असा ओटा सहा-आठ महिन्यांत लिंबू-चिंचेच्या जागी फिकट पडतो, आणि लोक समजतात की दगडाला आम्ल लागलं.

घरी आणलेल्या तुकड्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने बरंच कळतं. तुकडा आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि तुकडा दोऱ्याने असा सोडा की पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काट्यावर जे ग्रॅम दिसतील तेवढं त्याचं आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. ५०० ग्रॅमचा तुकडा खऱ्या ग्रॅनाइटचा असेल तर आकडा १८९च्या आसपास येतो, डोलेराइट किंवा गॅब्रोचा असेल तर १६७ ते १७२. दोनशेच्या वर गेला तर दगडाचा चुरा राळेत बसवून केलेला ‘क्वार्ट्‌झ’ ओटा हातात आहे असं समजा. त्यावर कढई थेट उतरवू नका, राळ करपते. बोट पाण्यात बुडालं किंवा दगडाला बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो. तुकडा आधी भिजवून पुसून घेतला तर बुडबुडे राहत नाहीत.

पाणी किती पितो तेही बघा. साधारण किलोभराचा तुकडा पूर्ण सुकवून तोला, २४ तास बुडवून ठेवा, पुसून परत तोला. ग्रॅनाइटसाठीच्या अमेरिकी मानकात शोषणाची मर्यादा वजनाच्या ०.४० टक्के आहे, म्हणजे किलोला ४ ग्रॅम. चांगल्या डोलेराइटला काटा हलतसुद्धा नाही. म्हणून ‘ब्लॅक’वर सीलर (डाग आत शिरू नयेत म्हणून लावायचं द्रव्य) लावायचे जे जादा पैसे हे यार्ड मागतं ते देऊ नका. दगडात शिरायला जागाच नसल्याने सीलर वरच सुकतो आणि धुरकट पापुद्रा धरतो. फिकट, जाड कणांच्या ग्रॅनाइटला मात्र सीलर लावावाच, नाहीतर हळदीचं तेल कणांच्या सांध्यांतून आत उतरतं.

स्लॅबवरच्या रेघा बघायला पाण्याचाच उपयोग. रेघ दोन प्रकारची असते: शिरेची आणि चिरेची. ग्रॅनाइटमधली फिकट शीर म्हणजे शेवटच्या शिलारसाने भेग भरून काढलेली, ती पक्की. चीर मात्र उघडी. पाणी ओतून फडक्याने पुसा आणि दोन मिनिटं थांबा. पृष्ठभाग सुकतो, चिरेची रेघ काळी ओलीच राहते. मग नाण्याने रेघेच्या दोन्ही बाजूंना वाजवा. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला तर ती स्लॅब नको. ग्रॅनाइटमध्ये काळसर गोळा दिसला तर विक्रेता त्याला ‘दाग’ म्हणून सूट देतो. बहुतेक वेळा तो शिलारसात अडकलेला दुसऱ्या खडकाचा तुकडा किंवा दुसऱ्या शिलारसाचा गोठलेला गोळा असतो. मजबुतीला काही होत नाही. सूट आनंदाने घ्यावी.

मापाचा हिशोब हा तिसरा मुद्दा. इथे लांबी-रुंदी ३ इंचांच्या पुढच्या पटीपर्यंत चढवून मोजतात. २५ इंचांच्या ओट्याला २७ इंच लागतात, म्हणजे आठ टक्के जास्त. ओट्याची खोली २४ इंचांतच बसवली तर हा भुर्दंड पडत नाही. जाडीही कॅलिपरने बघा. ‘१८ मिलिमीटर’ म्हणून दिलेली स्लॅब एका कोपऱ्यात १५ भरू शकते. भाडं ठरवताना वजन लक्षात घ्या: १८ मिलिमीटर जाडीचा एक चौरस फूट ग्रॅनाइट साधारण साडेचार किलो, डोलेराइट पाच किलो. चाळीस चौरस फुटांचा काळा ओटा म्हणजे दोन क्विंटल. तिसऱ्या मजल्यावर तो जिन्याने न्यायचा असेल तर हमालीचं आधीच बोलून घ्या.

कटिंग आणि मोल्डिंग यार्डातच होतं आणि कारीगर हुशार आहेत. फक्त सिंक आणि शेगडीचा खाचा कापताना उभं राहा. चौकोनी कोपरा कटरने सरळ कापला की कोपऱ्यातून चीर सुरू होते, कारण सगळा ताण तिथे एकवटतो. आधी चारही कोपऱ्यांना गोल भोक, मग त्यांना जोडणारे काप. शेगडीच्या पुढे उरणारी पट्टी किमान ३ इंच ठेवायला सांगा आणि तिच्याखाली आधार. गरम कुकरने ओटा फुटला अशी तक्रार येते तेव्हा बहुधा हीच पट्टी दोन इंचांची असते. कुकरच्या १२० अंशांनी दगडाचं काही बिघडत नाही, बेसाल्टचा भाऊबंद असलेला काळा दगड तर हजार-अकराशे अंशांतून आलेला. पुढच्या कडेखाली पाणी अडवायची खाच इथे मागितल्याशिवाय काढत नाहीत. ती न काढल्यास ओट्यावरचं पाणी खालून वळून कपाटाच्या प्लायवर उतरतं.

बाहेर पडताना फाटकाच्या आतल्या बाजूला पाटे-वरवंटे ठेवलेले दिसतील. त्यात दोन जाती आहेत. गुळगुळीत काळे, चकचकीत, शोभेचे. आणि बारीक छिद्रांचे, खडबडीत, इथल्याच बेसाल्टचे. लाव्हातला वायू निसटताना राहिलेली ती छिद्रं. वाटणाला हाच घ्या, पण छिद्रांत पांढरं, मऊ काही भरलेलं नाही हे बघून. ते कॅल्साइट किंवा झिओलाइट असतं आणि झिजून चटणीत उतरतं. शंका आली तर लिंबाचा थेंब टाका: फसफसलं तर कॅल्साइट. झिओलाइट फसफसत नाही, पण चाकूच्या टोकाने सहज खरवडतं. यार्डवाल्याला हे दोन्ही प्रयोग माहीत आहेत, आणि चांगला पाटा तो मागच्या रांगेतून काढून देतो.