मल्लखांबाचा वर्ग: रेटिंगमधला एक तारा पाण्यासाठी कापला

लेक सहावीत. जूनपासून आठवड्यातून पाच दिवस, साडेपाच ते सात, इथे जाते. पहिले पंधरा दिवस मांड्या सोललेल्या आणि कपड्यांना एरंडेलाचा वास. खांबाला तेच चोळतात, धुऊनही जात नाही. जुने टी-शर्टच पाठवा.

अभ्यास बुडेल म्हणून मीच नको म्हणत होते. पण रात्री अकरापर्यंत टक्क जागी असणारी मुलगी आता साडेनऊला आडवी होते आणि सकाळी गणिताची वही स्वतःहून उघडते. मल्लखांबाने मार्क वाढले असा दावा मी करणार नाही. झोप पुरी होतेय, एवढं दिसतं. दसरंग उडी (मल्लखांबातला एक प्रकार) जमली त्या दिवशी मात्र जेवताना तोंड बंद नव्हतं.

सर वजनावरून कुणाला टोमणे मारत नाहीत. एकदा अंगात कणकण असताना पाठवलं, तर मलाच झापलं: "ताई, घरी न्या हिला, पकड सुटेल."

फी महिना आठशे, ठीक. पण पिण्याच्या पाण्याचा नळ गणपतीपासून बंद आणि मुलींना कपडे बदलायला धड खोली नाही. दोनदा सांगून झालं.