'द फ्रंट पेज' (१९३१) : फुकटची प्रत की ब्लू-रे?

लुईस माइलस्टोनच्या या चित्रपटाच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण झालं नाही. त्यामुळे तो कोणीही काढावा आणि विकावा. स्वस्त डीव्हीडी आणि नेटवरच्या धुरकट प्रती यातूनच आल्या. त्या पाहून ‘१९३१ चा बोलपट, आवाज असाच असायचा’ असं समजू नका. खोट प्रतीत आहे.

त्या काळी निगेटिव्हची नक्कल यथातथाच निघे. म्हणून अमेरिका, ब्रिटन आणि बाकीचा परदेश यांच्यासाठी तीन वेगळ्या निगेटिव्ह तयार केल्या गेल्या. एकाच दृश्याच्या अनेक चित्रणांपैकी (टेक) सरस ती अमेरिकेला, उरलेली बाहेरच्यांना! पुढे कित्येक दशकं फिरली ती परदेशी आवृत्ती. अमेरिकी आवृत्तीची प्रत निर्माता हॉवर्ड ह्यूज याच्या संग्रहात सापडली. तिच्यावरून केलेलं ४के (अतिसुस्पष्ट) पुनरुज्जीवन क्रायटेरियन या जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये 'हिज गर्ल फ्रायडे'च्या (१९४०) संचात दुसरी डिस्क म्हणून दिलं. शोधताना 'हिज गर्ल फ्रायडे' हेच नाव टाका. दोन्ही चित्रपट एकाच नाटकावरचे; १९४० मध्ये बातमीदार हिल्डीची बाई झाली, एवढा मोठा बदल.

चांगल्या आवाजाची किंमत शेवटच्या मिनिटात कळते (शेवट माहीत नसेल तर हा परिच्छेद सोडा). बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांच्या १९२८ च्या नाटकात संपादक वॉल्टर बर्न्स हिल्डीला स्वतःचं घड्याळ भेट देऊन निरोप देतो आणि लगेच फोनवरून त्याच्यावर त्याच घड्याळाच्या चोरीचा आळ घेतो, तोही सणसणीत शिवी हासडून. पडद्यावर शिवी चालणार नव्हती. मग बर्न्स झालेल्या ॲडॉल्फ मेंजूचा धक्का टाइपरायटरला लागतो आणि नेमका तो शब्द त्या खडखडाटात बुडतो. खरखरीत प्रतीत सगळंच बुडतं, गंमत उरत नाही.

मेंजू ही दुसरी निवड. बर्न्स करणार होता लुईस वोलहाइम, पण फेब्रुवारी १९३१ मध्ये तो वारला. मेंजूला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं.

पत्रकार-कक्षातल्या टेबलाभोवती फिरणारा कॅमेराही या डिस्कवरच नीट दिसतो. शिवाय डिस्कवर या नाटकाची १९३७ आणि १९४६ ची नभोनाट्य-रूपांतरं आहेत. सबटायटल फक्त इंग्रजी; संवाद एकमेकांवर चढतात, तेव्हा ती चालूच ठेवा.

अडचण एकच: डिस्क आणि प्लेअर यांना प्रदेशानुसार कुलूप (रीजन) असतं; अमेरिकी डिस्क रीजन 'ए'ची, भारतातले ब्लू-रे प्लेअर रीजन 'सी'चे. डीव्हीडीचा रीजन काढून घेतला म्हणजे ब्लू-रेचाही निघाला असं होत नाही. दोन्ही कुलपं वेगळी. प्लेअर ब्लू-रेसाठी मल्टिरीजन (सर्व रीजनच्या डिस्क चालवणारा) आहे का, हे आधी दुकानदाराला विचारा, मगच डिस्क मागवा.