विंडोज ११ च्या शेजारी लिनक्स मिंट २२: ड्युअल बूटचे परीक्षण

श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेला जुना मजकूर आणि टॅलीतले हिशोब या दोन गोष्टींमुळे माझ्या लॅपटॉपवरून विंडोज काढून टाकणे शक्य नाही. मात्र लेखन, वाचन आणि इंटरनेट यांसाठी मला लिनक्स ही दुसरी संगणकप्रणालीच बरी वाटते. म्हणून १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेल्या या यंत्रावर विंडोज ११ कायम ठेवून मी तिच्या शेजारी लिनक्स मिंट २२ हा लिनक्सचा एक प्रकार बसवला; यालाच ड्युअल बूट म्हणतात, म्हणजे यंत्र सुरू करताना दोन प्रणालींपैकी एक निवडायची. जुलै २०२४ मध्ये आलेली ही आवृत्ती उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली आहे, तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत आणि ती विनामूल्य आहे. मिंट एकटी कशी चालते यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार केला आहे तो विंडोजसोबत ती कशी नांदते याचाच.

मिंटचा इन्स्टॉलर उत्तम आहे, परंतु तो सुरू करण्यापूर्वी विंडोजमध्ये जी तयारी करावी लागते तिच्याविषयी तो जवळजवळ काहीच बोलत नाही, आणि नवख्या माणसाची सगळी पंचाईत तिथेच होते. पहिली अडचण एन्क्रिप्शनची, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक रूपात बंद करण्याची. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अशा डिस्कवर मिंटला स्वतः जागा करून घेता येत नाही. शिवाय बूटच्या (यंत्र सुरू होण्याच्या) मांडणीत बदल झाल्याचे दिसताच विंडोज रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडणारा ४८ अंकी क्रमांक, मागून बसते. ही की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते. ती आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि मगच सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद करावे. डिस्क पूर्ण उलगडायला वेळ लागतो, तेवढा धीर धरावा.

दुसरी अडचण फास्ट स्टार्टअपची. ही सोय चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, ती अर्धवट निजलेली असते, आणि तिच्या पार्टिशनमधल्या (डिस्कवरच्या तिच्या वाट्यातल्या) फाइली मिंटमधून वाचता आल्या तरी त्यांत बदल करता येत नाहीत. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन एक खूण काढली की हा प्रश्न सुटतो, पण ती खूण तिथे आहे हे कोणी सांगत नाही. जागा मोकळी करण्याचे काम मी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून केले. मिंटला किमान २० जीबी लागते आणि १०० जीबी असावी अशी शिफारस आहे. विंडोजमध्ये भरपूर जागा रिकामी दिसत असूनही ‘श्रिंक व्हॉल्यूम’ कधी कधी त्यातली थोडीच देऊ करते, कारण विंडोजच्या स्वतःच्या कामाची पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल मध्येच ठाण मांडून बसलेली असते. त्या तात्पुरत्या बंद केल्या की हवी तेवढी जागा मिळते. आणि अर्थातच, हे सारे करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतलेला असावा.

एवढे झाल्यावर इन्स्टॉलरचे काम मात्र लोण्यातून सुरी फिरावी तसे होते. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू केली, वाय-फाय आणि आवाज नीट चालतात हे पाहून घेतले आणि विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्याय निवडला. एकच काळजी घ्यावी लागते: सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल आणि मल्टिमीडिया कोडेक्सची (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या घटकांची) खूण केली असेल, तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो, आणि पुढच्या बूटला येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडद्यावरचा संदेश दहा सेकंदांत निघून जातो, त्यामुळे त्या वेळी चहा करायला उठू नये.

भारतीय वापरकर्त्याला हमखास खटकणारी गोष्ट घड्याळाची आहे. मिंट यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, आणि सकाळी दहा वाजता विंडोजचे घड्याळ पहाटेचे साडेचार दाखवू लागते. टॅलीत नोंदी करणाऱ्याने याकडे दुर्लक्ष करू नये. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्यास सांगितले की ही तक्रार मिटते. पण ज्या इन्स्टॉलरला शेजारी विंडोज आहे हे दिसते, त्यानेच हे का विचारू नये, हे मला समजलेले नाही.

रोजच्या वापरात दोन्ही प्रणाली एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत दोघींची नावे दिसतात, मिंटमधून विंडोजमधल्या फाइली उघडतात, आणि मराठीसाठी इनस्क्रिप्ट तसेच कगप हे दोन्ही कळफलक उपलब्ध आहेत. धोका संभवतो तो विंडोजच्या अद्यतनांचा. ऑगस्ट २०२४ मधल्या एका सुरक्षा अद्यतनानंतर उबंटू, डेबियन आणि मिंटसह अनेक लिनक्स प्रणाली ड्युअल बूटच्या यंत्रांवर सुरू होईनाशा झाल्या होत्या, आणि मायक्रोसॉफ्टने तो दोष मान्यही केला होता. त्यामुळे मिंटचा पेन ड्राइव्ह पुसून टाकू नये, अशा वेळी मिंट दुरुस्त करण्यासाठी कपाटात ठेवावा.

ज्याला फक्त चार दिवस लिनक्स पाहायचे आहे, त्याने एवढा खटाटोप करू नये. त्याला पेन ड्राइव्हवरूनच चालणारी लाइव्ह मिंट किंवा विंडोजच्या आत चालणारी व्हर्च्युअल मशीन पुरेशी आहे. ज्याची दोन्हीकडे खरी कामे आहेत, त्याला मात्र मी ही जोडी निःसंकोच सुचवीन. उद्या मिंट काढायची वेळ आली तर तिचे पार्टिशन थेट पुसू नये. आधी यंत्राच्या बूट यादीत विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणावा, आणि मगच ते पार्टिशन विंडोजमधून काढावे. त्या यादीत ‘मिंट’ हे नाव शोधत बसू नये. तिथे तिची नोंद ‘उबंटू’ याच नावाने असते.